परदेशातला हुकूमनामा आणि इथली वसुली: नवख्यांसाठी पायरीपायरीने

परदेशी न्यायालयाचा निकाल घेऊन जो पक्षकार वकिलाकडे येतो, त्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: आता वसुली कधी? दुबईत, लंडनमध्ये किंवा शिकागोत दोन-तीन वर्षे दावा लढवून आणि तिकडच्या वकिलांची फी भरून तो थकलेला असतो, आणि ज्याच्याकडून पैसे यायचे त्याची सदनिका पुण्यात, गाळा नाशकात किंवा बँकेतील ठेव मडगावात आहे एवढे त्याला पक्के ठाऊक असते. अशा वेळी मी त्याच्या प्रश्नाचे उत्तर लगेच देत नाही. निकालाची प्रत मागून घेतो आणि ती त्याच्यासमोरच शेवटपर्यंत वाचतो. बरीच वर्षे हे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, परदेशी निकालाचे इथले भवितव्य तो इथे आणल्यावर ठरत नाही. तिकडे समन्स कसे बजावले गेले आणि न्यायाधीशांनी निकालात काय लिहिले, यावर ते बहुतांशी आधीच ठरून गेलेले असते. म्हणून हा लेख दोघांसाठी आहे: ज्यांच्या हातात निकाल आला आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांचा दावा तिकडे अजून चालू आहे त्यांच्यासाठी तर अधिकच.

पहिली पायरी: निकाल कोणत्या देशाचा आणि कोणत्या न्यायालयाचा

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये परदेशी निकालांसाठी दोन वाटा आहेत. भारत सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून ज्या देशांना परस्पर अंमलबजावणीसाठी मान्यता दिली आहे, त्यांच्या वरिष्ठ न्यायालयांचा पैशाचा हुकूमनामा (निकालाअंती न्यायालय देते तो अंमलात आणण्याजोगा आदेश) कलम ४४-अ खाली थेट जिल्हा न्यायालयात दाखल करता येतो, आणि तो जणू त्याच जिल्हा न्यायालयाने दिला आहे असे समजून त्याची अंमलबजावणी होते. युनायटेड किंग्डम, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग, न्यूझीलंड, बांगलादेश हे अशा देशांपैकी काही. १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने संयुक्त अरब अमिराती त्यांत आली. आखातात नोकरी-धंदा करणाऱ्या आपल्याकडच्या हजारो कुटुंबांच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे, कारण तोपर्यंत दुबईच्या न्यायालयाचा निकाल घेऊन आलेल्याला इथे नव्याने दावा लावावा लागत असे.

दुसरी वाट अधिसूचनेत नसलेल्या देशांची आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी, फ्रान्स हे सारे त्यांत येतात. त्यांचा निकाल घेऊन थेट दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, करता येत नाही. तो निकाल हेच दाव्याचे कारण मानून इथल्या सक्षम न्यायालयात नवा दावा दाखल करावा लागतो, आणि त्या दाव्यात मिळालेल्या भारतीय हुकूमनाम्याची मग अंमलबजावणी होते.

देश अधिसूचित आहे एवढ्यावर समाधान मानू नये. अधिसूचनेत त्या त्या देशाची कोणती न्यायालये वरिष्ठ मानली आहेत, तेही दिलेले असते. इंग्लंडच्या बाबतीत तिथले उच्च न्यायालय त्यात आहे, पण किरकोळ रकमांचे दावे चालवणारे काउंटी कोर्ट नाही. अमिरातीच्या अधिसूचनेत संघीय न्यायालयांबरोबरच दुबई, अबुधाबी आणि रास अल खैमा येथील स्थानिक न्यायालये आणि दुबई व अबुधाबीतील दोन्ही वित्तीय केंद्रांची स्वतंत्र न्यायालयेही आहेत. म्हणून निकालाच्या शीर्षस्थानी छापलेले न्यायालयाचे नाव अधिसूचनेतल्या नावाशी शब्दशः ताडून पाहावे.

रकमेचे स्वरूपही तपासावे. कर, दंड किंवा तत्सम शिक्षेच्या स्वरूपाची रक्कम या कलमाखाली वसूल होत नाही. लवादाचा निवाडा, तो तिकडे हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येत असला तरी, या वाटेने येत नाही. त्याच्यासाठी लवाद आणि समेट अधिनियम, १९९६ चा दुसरा भाग आहे. दाव्याचा खर्च मात्र वसूल होऊ शकतो, आणि याचे उदाहरण नाशिकचेच आहे. अल्कॉन इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीविरुद्ध सेलेम या फ्रेंच कंपनीने इंग्लंडच्या न्यायालयाचा सुमारे १२ हजार पौंड खर्चाचा आदेश मिळवला आणि त्याची दरखास्त नाशिकच्या जिल्हा न्यायालयात लावली. खर्चाचा आदेश म्हणजे हुकूमनामा नव्हे, असा बचाव झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१६ मध्ये तो आदेश इथे अंमलात आणण्याजोगा आहे असे ठरले.

दुसरी पायरी: कलम १३ समोर ठेवून निकाल वाचणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि नेमकी हीच घाईत ओलांडली जाते. वाट कोणतीही असो, कलम १३ ची चाळणी दोन्हीकडे लागते. परदेशी निकाल पक्षकारांवर बंधनकारक असतो हा नियम, आणि त्याला सहा अपवाद: न्यायालयाला अधिकारक्षेत्र नव्हते, निकाल गुणावगुणांवर, म्हणजे मागणीचा खरेखोटेपणा तपासून, दिलेला नाही, निकालावरूनच दिसते की आंतरराष्ट्रीय कायद्याची चुकीची समजूत त्याच्या मुळाशी आहे, किंवा जिथे भारतीय कायदा लागू होता तिथे तो मानायला नकार दिला आहे, कार्यवाही नैसर्गिक न्यायाला सोडून झाली, निकाल कपटाने मिळवला, किंवा भारतात अंमलात असलेल्या कायद्याच्या भंगावर आधारलेली मागणी त्यात मान्य केली आहे. कोणताही एक अपवाद लागू झाला की दरखास्त किंवा दावा तिथेच थांबतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: इथले न्यायालय परदेशी निकालावर अपिलात बसत नाही. तिकडच्या न्यायाधीशांनी पुराव्याचे मोल चुकीचे केले, एवढे म्हणून ऋणकोची, म्हणजे ज्याने पैसे द्यायचे त्याची, सुटका होत नाही.

अधिकारक्षेत्राच्या अपवादाचे जे उदाहरण मी नव्या वकिलांना नेहमी सांगतो, ते आपल्या इतिहासाच्या जवळचे आहे. ग्वाल्हेरच्या शितोळे सरदारांनी अलाहाबादकडच्या काही रहिवाशांविरुद्ध १९४७ मध्ये ग्वाल्हेरच्या न्यायालयात पैशाचा दावा लावला आणि १९४८ मध्ये तो एकतर्फी निकाली निघाला. प्रतिवादी ग्वाल्हेर संस्थानात राहत नव्हते आणि त्या न्यायालयापुढे हजरही झाले नव्हते. पुढे विलीनीकरण झाले, संविधान आले, आणि हुकूमनामा अंमलबजावणीसाठी अलाहाबादला आला. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ठरवले की, हुकूमनामा झाला त्या दिवशी ग्वाल्हेरचे न्यायालय प्रतिवादींच्या दृष्टीने परदेशी होते, त्यांनी त्याचे अधिकारक्षेत्र मानलेले नव्हते, आणि म्हणून त्यांच्याविरुद्धचा तो हुकूमनामा इथे चालणार नाही. मधल्या काळात सरहद्दच पुसली गेली, तरी जन्मतः असलेला दोष गेला नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा: ऋणको दाव्याच्या वेळी त्या देशात राहत होता का, तो आपण होऊन हजर झाला का, की त्याने करारात त्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र लेखी मान्य केले होते? तिन्हींचे उत्तर नाही असेल, तर पुढे खर्च करण्यापूर्वी थांबून विचार करावा.

गुणावगुणांचा अपवाद व्यापारी प्रकरणांत सर्वाधिक बाधतो. प्रतिवादी हजर झाला नाही की अनेक देशांत एका अर्जावर, पुरावा न तपासता, एका पानाचा निकाल मिळतो. ‘प्रतिवादीने उत्तर दिले नाही, सबब वादीला अमुक रक्कम द्यावी’ एवढाच त्याचा मजकूर असतो, खाली शिक्का आणि तारीख. पक्षकाराला तो कागद म्हणजे विजय वाटतो. इथल्या न्यायालयात मात्र त्यावर पहिलीच हरकत अशी येते की, न्यायाधीशांनी मागणीच्या खरेखोटेपणाचा विचार केल्याचे यात कुठे दिसते? सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये इंटरनॅशनल वुलन मिल्सच्या प्रकरणात इंग्लंडमधील अशाच एकतर्फी निकालाची अंमलबजावणी नाकारली. निकाल एकतर्फी आहे म्हणून तो आपोआप बाद होत नाही, हेही तितकेच खरे आहे. न्यायाधीशांनी बीजके, पत्रव्यवहार, शपथपत्र पाहून कारणे दिली असतील, तर एकतर्फी निकालही गुणावगुणांवर दिलेला ठरतो.

नैसर्गिक न्यायाच्या अपवादाचा संबंध समन्सशी आहे. परदेशात समन्स बजावण्याविषयीच्या हेग करारात भारत सामील आहे आणि टपालाने थेट बजावणी करण्याला भारताने त्यात हरकत नोंदवलेली आहे. परदेशी समन्स केंद्रीय विधी आणि न्याय मंत्रालयामार्फत यावे लागते. अमेरिकेतल्या वकिलाने कुरिअरने कोल्हापूरच्या पत्त्यावर पाठवलेला लखोटा आणि त्याची पोचपावती यांवर भिस्त ठेवून मिळवलेला एकतर्फी निकाल इथे म्हणूनच लंगडा पडतो. ज्यांना असा लखोटा येतो त्यांनीही तो ड्रॉवरमध्ये टाकून देऊ नये. आपली मालमत्ता तिकडेही असेल तर गैरहजेरी महागात पडते, आणि हजर होऊन आक्षेप न घेता दावा लढवला तर अधिकारक्षेत्र मान्य केल्यासारखे होते. कोणते पाऊल टाकायचे हे मुदतीच्या आत सल्ला घेऊनच ठरवावे.

कपटाच्या अपवादावर सत्या विरुद्ध तेजासिंग हा १९७५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहावा. तो घटस्फोटाचा आहे. पतीने अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या न्यायालयाला आपण तिथलेच कायमचे रहिवासी असल्याचे खोटे भासवले होते. न्यायालयाची फसवणूक करून मिळवलेला निकाल मग पैशाचा असो वा नात्याचा, इथे टिकत नाही. उरलेले दोन अपवाद व्यवहारात क्वचितच निर्णायक ठरतात.

तिसरी पायरी: मुदत मोजणे

नव्या दाव्याच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी हिशोब सरळ आहे. मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद १०१ प्रमाणे परदेशी निकालाच्या तारखेपासून ३ वर्षे. तिकडे वाटाघाटी चालू आहेत, ऋणकोने हप्त्याने देण्याचे तोंडी कबूल केले आहे, अशा भरवशावर ही ३ वर्षे निघून गेल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत, आणि त्यावर नंतर काहीही उपाय करता आलेला नाही.

कलम ४४-अ च्या वाटेवर प्रश्न गुंतागुंतीचा होता. तो बँक ऑफ बडोदा विरुद्ध कोटक महिंद्र बँक या २०२० च्या निकालाने बराचसा सुटला. लंडनच्या उच्च न्यायालयाचा हुकूमनामा १९९५ चा होता आणि बंगळुरूत दरखास्त झाली २००९ मध्ये. भारतीय हुकूमनाम्याला १२ वर्षे मिळतात, मग परदेशी हुकूमनाम्याची मुदत दरखास्त दाखल झाल्यापासून का मोजू नये, अशी भूमिका त्यावेळी मांडली जात असे. सर्वोच्च न्यायालयाने ती मानली नाही. ज्या देशाचा हुकूमनामा, त्या देशाची मुदत लागते. इंग्लंडची ६ वर्षे, म्हणून दरखास्त मुदतबाह्य. तिकडे अंमलबजावणीची कार्यवाही करून पूर्ण रक्कम वसूल झाली नसेल, तर ती कार्यवाही संपल्यापासून ३ वर्षांच्या आत इथे येता येते. तिकडच्या वकिलाकडून त्यांच्या देशातील मुदत किती हे लेखी मत म्हणून घ्यावे. दरखास्तीला ते जोडता येते.

चौथी पायरी: कागद

नवखे इथे हमखास चुकतात, म्हणून सावकाश सांगतो. निकालाची झेरॉक्स, ईमेलवर आलेली पीडीएफ किंवा वकिलाने ‘खरी प्रत’ असे लिहून सही केलेली प्रत चालत नाही. ज्या न्यायालयाने निकाल दिला त्याच्या दप्तराची प्रमाणित नक्कल हवी. तिच्यासोबत, ही नक्कल मूळ अभिलेख ज्याच्या ताब्यात आहे त्या अधिकाऱ्यानेच रीतसर प्रमाणित केली आहे असा, तिथल्या नोटरीचा किंवा भारतीय वकिलातीतील अधिकाऱ्याचा शिक्क्यानिशी दाखला लागतो. जिथे अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा, दुसऱ्या देशांत मानला जाणारा सरकारी दाखला) मिळते तिथे तेही करून घ्यावे. प्रमाणित नक्कल दाखल झाली की कलम १४ चा फायदा मिळतो: निकाल सक्षम न्यायालयाने दिला असे न्यायालय गृहीत धरते, आणि तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी ऋणकोवर जाते. एका साध्या शिक्क्यासाठी हा फायदा गमावू नये.

कलम ४४-अ साठी आणखी एक कागद अनिवार्य आहे. हुकूमनाम्याची किती रक्कम वसूल झाली किंवा वळती झाली आणि किती बाकी आहे, याचे त्याच परदेशी न्यायालयाचे प्रमाणपत्र. ते नसेल तर दरखास्त पहिल्याच तारखेला अडखळते, आणि ते मागाहून मिळवायला कित्येक महिने जातात. निकाल अरबी किंवा अन्य भाषेत असेल तर अधिकृत अनुवाद जोडावा. डिक्रीदार (ज्याच्या बाजूने हुकूमनामा झाला तो) परदेशातच राहणार असेल तर इथल्या नातलगाच्या किंवा विश्वासू माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र तिकडच्या भारतीय वकिलातीत करून घ्यावे, आणि ते भारतात आल्यावर त्यावरचे मुद्रांक शुल्क वेळेत भरावे.

माझी एक सवय इथे सांगतो. नक्कल हातात आली की मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पृष्ठक्रमांक, प्रत्येक पानावरचा शिक्का आणि पक्षकारांच्या नावांची अक्षरे मोजूनमापून पाहतो. पासपोर्टवर एक नाव, कंपनीच्या नोंदीत दुसरे आणि निकालात तिसरे, असे वारंवार आढळते. ‘हा ऋणको मी नव्हेच’ या एका हरकतीवर वर्ष जाऊ शकते.

पाचवी पायरी: दाखल कुठे करायचे

कलम ४४-अ ची दरखास्त जिथे ऋणको राहतो किंवा जिथे त्याची मालमत्ता आहे, त्या जिल्हा न्यायालयात होते. मालमत्ता मुंबईत असेल तर मुंबई उच्च न्यायालयाची मूळ शाखा पाहावी, कारण मूळ दिवाणी अधिकारक्षेत्र असलेले उच्च न्यायालय या कलमापुरते जिल्हा न्यायालयात मोडते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मेसर ग्रीसहाइमच्या प्रकरणात दिल्लीच्या संदर्भात तसे स्पष्ट केले आहे. दरखास्त दाखल झाल्यावर ऋणकोला नोटीस काढणे आवश्यक आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम २२ मध्ये या हुकूमनाम्यांचा वेगळा उल्लेख आहे. ऋणको हजर होऊन कलम १३ मधल्या हरकती घेतो, आणि त्यांचा निवाडा दरखास्तीतच होतो.

नव्या दाव्याचा खर्च जास्त आहे. कोर्ट फी मागणीच्या रकमेवर लागते. महाराष्ट्रात तिची कमाल मर्यादा २०१८ पासून १० लाख रुपये आहे. परदेशी चलनातील रकमेचे दाखल करतेवेळच्या दराने रुपयांतले मूल्य दावापत्रात लिहावे. या दाव्यात केवळ परदेशी निकालावर विसंबू नये, असे मी आग्रहाने सांगतो. मूळ व्यवहाराची मुदत शिल्लक असेल, तर करार, बीजके आणि बाकी रक्कम हा पर्यायी आधार त्याच दावापत्रात मांडावा. निकाल कलम १३ च्या चाळणीत अडकला तरी दावा जिवंत राहतो.

सहावी पायरी: प्रत्यक्ष वसुली

हरकती फेटाळल्या गेल्या की पुढचे काम कोणत्याही देशी हुकूमनाम्यासारखेच. ऋणकोने आपल्या मालमत्तेचे शपथपत्र द्यावे असा अर्ज आदेश २१, नियम ४१ खाली लगेच करावा. सातबारा, मिळकत पत्रिका, कंपनी निबंधकाकडील नोंदी या सार्वजनिक आहेत. त्या आधीच काढून ठेवल्या तर जप्तीच्या अर्जात मालमत्तेचे वर्णन नेमके येते आणि बेलीफाला दारातून परत यावे लागत नाही. पगारावर जप्ती आणता येते, पण कलम ६० प्रमाणे पहिले १ हजार रुपये आणि उरलेल्या पगाराचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित राहतो. भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही. ही मर्यादा पक्षकाराला सुरुवातीलाच सांगितलेली बरी.

ज्यांचा दावा तिकडे अजून चालू आहे

तुमचा प्रतिवादी भारतात असेल आणि तो हजर होत नसेल, तर सोपा एकतर्फी निकाल स्वीकारू नका. मेसर ग्रीसहाइमच्या प्रकरणात या जर्मन कंपनीला इंग्लंडमध्ये असा निकाल मिळाला होता. भारतात तो अडेल हे ओळखून तिने स्वतःच तो रद्द करून घेण्याची विनंती केली आणि २००६ मध्ये पुराव्यावर आधारलेला, कारणांसह निकाल मिळवला. आपल्याच बाजूने लागलेला निकाल मागे घ्यायला सांगणे पक्षकाराला पटवणे अवघड जाते, पण ते पटवायला हवे. न्यायालयापुढे साक्षीदाराचे शपथपत्र ठेवा, कागद दाखल करा, आणि ते तपासल्याचा उल्लेख निकालात यावा अशी लेखी विनंती करा. समन्स विधी मंत्रालयामार्फत बजावून घ्या, त्याला वेळ लागला तरी.

उलट दिशेचा प्रवास: इथला हुकूमनामा परदेशात

हेगच्या २०१९ च्या निकालविषयक करारात भारत नाही, त्यामुळे आपले निकाल परदेशात त्या त्या देशाच्या कायद्यानेच जातात. अमेरिकेत तर प्रत्येक राज्याचा कायदा पाहावा लागतो. ब्रिटनमध्ये १९३३ चा परस्पर अंमलबजावणीचा कायदा १९५८ पासून भारताला लागू आहे आणि निकालाच्या तारखेपासून ६ वर्षांत तिथल्या उच्च न्यायालयात नोंदणीचा अर्ज करता येतो. त्यातली एक अट महाराष्ट्रातल्या वकिलांनी लक्षात ठेवावी. उच्च न्यायालय आणि जिल्हा न्यायालय यांचे निकाल तर चालतातच, पण त्यांच्याखालच्या न्यायालयाला दाव्याच्या रकमेची मर्यादा नसेल तर त्याचाही निकाल चालतो. फक्त तशी मर्यादा नाही हे दाखवणारा शिक्का निकालावर असावा लागतो. आपल्याकडचे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांचे न्यायालय यात बसते. नक्कल अर्ज भरतानाच त्या शिक्क्याची लेखी मागणी करावी, आणि लंडनमधल्या प्रतिवादीला समन्स कसे पोहोचले याचा दाखला त्याच वेळी काढून नकलेला जोडून ठेवावा.